धनसिंगची अर्धी जोडी

बायको गेली तेव्हापासून घरात बोलायला कोणी राहिले नाही. पोरगा आणि सून वावरात जातात, नातवंडं शाळेत. मी ओसरीवर बसतो आणि मेलेल्यांशी बोलतो. गंगेशी बोललो की रडू येते. म्हणून धनसिंगशी बोलतो. त्याच्याशी बोललो की राग येतो, आणि रागावर दिवस बरा निघतो.

धनसिंग राठोड आमच्या नाल्यापलीकडच्या तांड्यातला. त्याला पाहिलेली माणसं आता गावात उरली नाहीत म्हटलं तरी चालेल. पोरं विचारतात, कोण होता हो तो, म्हातारपणी नाव घेता ते? मी सांगतो, शंकरपटाचा धुरकरी होता. मग त्यांना शंकरपट सांगावा लागतो. बैलांची सरळ धाव. शेजारी शेजारी दोन चाकोऱ्या, दोन हलके छकडे, दोन जोड्या. वळण नाही, फेरी नाही. इकडे झेंडी पडली की तिकडचं टोक गाठायचं. तोंडात पान घालून ते नीट चावून होत नाही तोवर खेळ खलास. तेवढ्यासाठी माणसं वर्षभर बैलाला सरकी-ढेप चारतात आणि लेकरांना कोरडी भाकर. मीही त्यातलाच होतो. छकड्यावर बसून जोडी हाकतो तो धुरकरी.

आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून काढून मुंबई राज्यात घातला, त्या हिवाळ्यात कळंबच्या पटावर मी त्याला पहिल्यांदा पाहिलं. माझ्या शेजारच्या चाकोरीत त्याची जोडी लागली होती. अंगानं वाळलेल्या तुराटीसारखा, कानात बाळी, डोक्याला लाल पागोटं, आणि हातात काही नाही. माझ्या हातात तुतारी होती, टोकाला खिळा ठोकलेली काठी. सगळ्यांच्याच हातात असायची. मी म्हटलं, "का बे, बैल काय हात जोडून पळवतं?" तो हसलाही नाही. झेंडी पडली. मी खिळा टोचत राहिलो, आणि त्याचा छकडा माझ्या पुढे गेला तो गेलाच.

धाव संपल्यावर तो आला. माझ्याकडे पाहिलं नाही, माझ्या बैलाच्या पुठ्ठ्याकडे पाहिलं. रक्त आलं होतं. पागोट्याचं टोक सोडून त्यानं ते पुसलं.

"बैल चांगला आहे तुहा," म्हणाला. "भेऊन पळाला. भेलेला बैल निम्म्यातच दमते."

"तू कोण मले शिकवणारा?"

"तुह्या पुढे गेलो थो."

अशा माणसाचा राग येणार नाही तर काय होणार. मला दोन वर्षं आला. दर पटावर तो भेटायचा, दर पटावर पुढे जायचा, आणि दर वेळी माझे बैल तपासायचा. माझ्याशी राम राम नंतर.

मग एका पावसाळ्यात माझा डावा बैल फऱ्या रोगानं गेला. सकाळी लंगडला, दुसऱ्या सकाळी ताठ. राहिला एकटा हरण्या, उजव्या अंगाचा. पटाचा बैल एका अंगाला तयार केला की दुसऱ्या अंगाला पळत नाही, कितीही मारा. त्याच दिवसांत धनसिंगचा उजवा बैल म्हातारा होऊन बसला आणि त्याच्याकडे राहिला पाखऱ्या, डाव्या अंगाचा. पोळ्याच्या आदल्या दिवशी मी हरण्याचे खांदे मळत होतो, हळद-तुपानं. एकट्या बैलाचे खांदे मळताना माणसाचं मन कसं होते ते कास्तकारालाच ठाऊक. तेवढ्यात धनसिंग पाखऱ्याला घेऊन नाला उतरून आला आणि हरण्याच्या डाव्या बाजूला त्याला उभा केला. दोघांनी एकमेकांना हुंगलं.

"किसन," म्हणाला, "तुहा एक, माहा एक. दोन अर्धे माणसं आपण. एक पुरा होऊन जाऊ."

"हाकणार कोण?"

"मी."

"अन् मी काय करू?"

"तू जड आहे बाप्पा. तू सुटायच्या टोकाले बैल धरून उभा राह्य."

मी चाळीस गावांत नाव असलेला धुरकरी, आणि हा मला सांगतो जड आहे. पण खरं होतं, जड होतोच. तेव्हापासून जोडी दोघांची. आठ दिवस माझ्या वावरात वखराला, आठ दिवस त्याच्या. रात्री पाखऱ्या माझ्या गोठ्यात राहिला तर धनसिंग उजाडायच्या आत हजर. गंगा चुलीपुढून म्हणायची, "तुमचं लगन माह्याशी झालं का त्या लमाण्याशी? सकाळी पह्यलं तोंड त्याचंच पाहा लागते." तो ओसरीवरून उत्तर द्यायचा, "वहिनी, मी बैलाचं तोंड पाह्याले येतो. थे तुमच्या नवऱ्यापेक्षा बरं आहे." गंगा हसायची नाही, पण चहात साखर टाकायची.

माणूस सोपा नव्हता. जेवताना बोललेलं त्याला चालत नसे. कोणी शिवी दिली तर ऐकून घेई आणि बैलाला दिली तर उठून जाई. लग्नात जेवायला बसला तरी निम्मी पुरी धोतराच्या ओच्यात. गावातली माणसं म्हणायची, चोरटा आहे. ती पुरी दोन तुकडे होऊन दोन तोंडात जायची हे मला माहीत होतं. देवावर त्याचा फार भर नव्हता. कळंबला चिंतामणीच्या दारात गेलो तर हा बाहेर बैलांजवळ. म्हणे, "तू दोघांचं मागून घे. मी इथं दोघांवर ध्यान ठेवतो."

त्याची पळवण्याची रीत मला समजायला वर्ष गेलं. तो बैलांना पळायला शिकवतच नव्हता. पट दोन-तीन दिवसांवर आला की आम्ही आधीच तिथे जायचो. बाकीचे सुटायच्या टोकाला झाडाखाली उतरत. धनसिंग पोहोचायच्या टोकाला उतरे. तिथेच चूल, तिथेच गोधडी, तिथेच बैलांचं घमेलं. त्याची बायको सोमली बरोबर असायची. बैलांना सकाळ-संध्याकाळ ती चारणार, तिच्याच हातानं. दिवसातून एकदा बैल चालवत सुटायच्या टोकाला न्यायचे आणि तिथून परत तिच्याकडे. झालं. पटाच्या दिवशी बैलांच्या हिशोबानं ते पळत नसत, घरी जात. धनसिंग फक्त म्हणायचा, "चाल बेटा, घरेन चाल." घराकडे चाल. सोमली टोकाला घमेलं घेऊन उभी राही, बैल तिच्यापाशी येऊन तोंड घालत, आणि छकडा थांबे. बाकीच्यांच्या जोड्या थांबवायला दहा-बारा माणसं वेसणीला लटकायची. आमच्या जोडीला एक बाई.

त्याचा आजा लदेणीवाला होता. बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून दूरदूर फिरणारी ती माणसं. धनसिंग म्हणायचा, "आमाले घर नव्हतं. जिथं बाई चूल मांडे, थे बैलाचं घर."

महागावच्या पटात याची परीक्षा झाली. दुपार कलली, उन्हाची तिरीप बैलांच्या डोळ्यांत यायला लागली आणि पंचांनी ठरवलं की उरलेल्या जोड्या उलट्या बाजूनं सोडायच्या. म्हणजे आमचा मुक्काम सुटायच्या टोकाला आला. बैलांनी घराकडे पाठ करून पळायचं. मी म्हटलं, नाव काढून घे. धनसिंग खाली बसला, एक विडी ओढली. मग सोमलीला त्यांच्या बोलीत काही म्हणाला. तिनं चुलीचे दगड उचलले, राखेसकट. गोधडी, तवा, घमेलं, पाण्याची घागर, सगळं डोक्यावर आणि कमरेवर घेतलं आणि दोन चाकोऱ्यांच्या मधून निघाली. आरशांची काचोळी, हातभर बलोया बांगड्या, घोट्यात वाजणारं कडं. सगळा पट उभा राहून पाहत होता. लोक टाळ्या पिटून हसत होते. "तांडा हालला रे, तांडा हालला." एकानं ओरडून विचारलं, "काव बाई, नवऱ्यानं हाकलून देलं काय?" ती न थांबता म्हणाली, "तुह्या बायकोले इचार, तुले काहून ठेवलं म्हून."

हसणं तिथेच मेलं. बैलांनी माना वर करून तिला जाताना पाहिलं. ती पार दुसऱ्या टोकाला गेली, तिनं दगड मांडले, धूर केला. मग धनसिंग छकड्यावर बसला. त्या दिवशी ती जोडी जशी गेली तशी मी दुसरी पाहिली नाही. मी सुटायच्या टोकाला रिकामे हात घेऊन उभा होतो आणि मला वाटलं, आता काही नको.

घरी येऊन सांगितलं तेव्हा गंगा म्हणाली होती, "पळते थो, अन् जिंकते थे." थे म्हणजे सोमली. मला ते तेव्हा विनोदाचं वाटलं.

दोन वर्षांनी ऐन भादव्यात सोमली गेली. ताप आला, ओकाऱ्या झाल्या, नाल्याला पूर होता. पूर उतरेपर्यंत ती थांबली नाही. आम्ही पलीकडे गेलो तेव्हा माती झाली होती. धनसिंग पाखऱ्याच्या दावणीपाशी उकिडवा बसला होता. मी शेजारी बसलो. तोच म्हणाला, "भाकर गोड लागून राह्यली रे. थेच समजत नाई. कडू लागाले पायजे होती."

मी तेव्हा म्हटलं, होते असं. मला काय ठाऊक होतं. आता ठाऊक आहे. गंगेच्या तेराव्याला बुंदी गोड लागली तेव्हा मी ताटावरून उठलो.

त्याच्या भावानं, मंगलनं, दुसरी बायको करण्याचं काढलं. धनसिंग नाही म्हणाला नाही, हो म्हणाला नाही. बोलणंच कमी झालं. बैल मात्र बिघडले. पाखऱ्या तांड्यात नेला की संध्याकाळी झोपडीच्या दाराकडे तोंड करून उभा राही, तिथून चारा यायचा म्हणून. धनसिंगनं चारा टाकला तर खाई, पण थांबून थांबून, मधेच मान वर करून. मी म्हटलं, पाखऱ्या माझ्याकडे राहू दे काही दिवस. धनसिंग म्हणाला, "नोको. इथं कोणी तरी वाट पाह्यते थे बरं आहे."

त्या साली आम्ही पटाला जाणार नाही असं मी धरून चाललो होतो. कापूस वेचून झाला, तूर कापली, आणि एका सकाळी तो नाला उतरून आला.

"किसन, आर्णीच्या पटाले जाऊ."

गंगा दारात होती. तिनं मला डोळ्यानं नको म्हटलं. मग त्यालाच म्हणाली, "भाऊजी, कोणासाठी पळवता आता?"

धनसिंग म्हणाला, "वहिनी, थे बैल तिच्याकडे पाहून पळत. एक खेप त्याइच्या मांगं बसून पाह्यतो. मले बी दिसते का."

गंगा आत गेली. तिनं दोन दिवसांच्या भाकरी बांधून दिल्या. हा पट त्याला कशासाठी हवा होता ते आम्हा दोघांनाही कळलं होतं, आणि जे कळलं होतं त्याला नको म्हणता येत नव्हतं. माणसाला एवढंच उरलं असेल तर ते कोण काढून घेईल.

आर्णीला आम्ही नेहमीसारखे आधी गेलो. पोहोचायच्या टोकाला त्यानं तिच्या हातचे दगड मांडले, तांड्यातून बरोबर आणले होते. गोधडी टाकली. एक बांबू रोवला आणि त्याला तिची ओढणी बांधली, लाल, कवड्यांची. घमेल्यात सरकी. स्वतः चूल पेटवली, बैलांना स्वतः चारलं. दोन दिवस सुटायच्या टोकापासून ओढणीपर्यंत त्यांना चालवलं. बैल ओढणीजवळ आले की नाक वर करून हुंगत. वारा आला की ओढणी हाले आणि बैल कान टवकारत. मला ते पाहवत नव्हतं. त्याला पाहवत होतं.

पटाच्या दिवशी मी सुटायच्या टोकाला बैल धरून उभा होतो. तो छकड्यावर बसला, दोर हातात घेतले. पागोटं सैल होतं, मी म्हटलं बांधून घे. तो म्हणाला, "राहू दे. लय दिसांनी डोक्याले वारा लागून राह्यला." झेंडी पडली. त्यानं काय म्हटलं मला ऐकू आलं नाही. बैलांना ऐकू आलं असेल.

ती जोडी सुसाट गेली. माणसं सांगतात, महागावपेक्षा जोरात. शेजारची जोडी निम्म्यातच मागे पडली. पाखऱ्या-हरण्या सरळ ओढणीकडे गेले, ओढणीपाशी पोहोचले, आणि तिथे कोणी नव्हतं. बांबू होता, कापड होतं, घमेलं जमिनीवर होतं. हात पुढे करणारं कोणी नव्हतं. म्हणून ते थांबले नाहीत. घमेलं उडवून पुढे गेले. पुढे माणसांची फळी नव्हती, कारण आमच्या जोडीला कधी लागलीच नव्हती. सगळ्या पटाला ते माहीत होतं, लोक कौतुकानं बाजूला झाले होते. पुढे उतार, उताराखाली दगडांचा नाला. छकडा उलटला आणि धनसिंग त्याखाली आला.

इतकी वर्षं आम्ही दोघं एकच विचार करत होतो, बैल कशानं पळते. बैल कशानं थांबते हे आमच्या डोक्यात कधी आलं नाही. ते काम सोमलीचं होतं, आणि ती ते इतकं गुपचूप करत होती की ते काम आहे हेच आम्हाला दिसलं नव्हतं.

मी पळत पोहोचलो तेव्हा माणसं काठ्या घेऊन बैलांच्या मागे लागली होती. धनसिंगला छकड्याखालून काढून ठेवलं होतं. तोंडात रक्त होतं. तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "त्याइले मारू नोका म्हण. त्याइची काई चूक नाई." मी ओरडलो. काठ्या खाली झाल्या.

दवाखान्यातल्या डॉक्टरनं छाती चाचपली आणि यवतमाळला न्या म्हटलं. पण मला बाजूला घेऊन त्यानं डोळे खाली केले. धनसिंगनं ते पाहिलं. "घरी ने," म्हणाला. मी कोणाची तरी बंडी मागितली, कडबा अंथरला, त्याला ठेवला. बैल तेच जुंपले. दुसरे देत होते लोक, त्यानं मान हलवली.

आर्णीपासून तांड्यापर्यंत बैल असे चालले की बंडीतल्या घागरीतलं पाणी हिंदकळलं नाही. मी पुढे, तो मागे. मधे एकदा मी विचारलं, "काई दिसलं का बे?" तो म्हणाला, "धूळ होती लय." मग थोडं चालल्यावर म्हणाला, "तू पोरीसारखा रडू नोको. दोराले हात लागते, बैलाले समजते."

दिवस बुडायच्या सुमाराला आम्ही तांड्यात आलो. बायका रडत धावल्या. मंगलनं पाण्याचा लोटा आणला आणि मी धनसिंगला उचलायला हात घातला. त्यानं माझा हात बाजूला केला.

"आधी बैल सोड."

"अरे, तुले पाणी तर—"

"बैलाच्या खांद्यावर जू आहे अन् माणूस पाणी पिते काय? कोणत्या घरचा तू?"

तांड्यात ही रीत होती, लदेणीच्या काळापासून. जनावराच्या पाठीवरचं ओझं उतरल्याशिवाय माणसाच्या घशात पाणी जात नसे. मंगल लोटा धरून उभा राहिला, तोही पुढे झाला नाही. मी जुवाच्या खिळी काढायला लागलो. एक खीळ निघेना. दगडानं ठोकून काढली. बैलांना दगडी डोणीवर नेलं. हरण्यानं लगेच तोंड घातलं. पाखऱ्यानं आधी झोपडीच्या दाराकडे पाहिलं, मग तोही वाकला.

मी वळून पाहिलं. धनसिंगनं कडब्यावर मान वळवली होती आणि तो ते पिणं ऐकत होता. हरण्याचं झालं. पाखऱ्या पीत राहिला, फार वेळ. मंगल लोटा धरून तसाच उभा. पाखऱ्यानं मान वर केली, तोंडातून पाणी गळत होतं. मग धनसिंगनं ओठ उघडले. मंगलनं लोटा कलता केला. ते पाणी आत गेलं नाही, गालावरून कडब्यात उतरलं.